दफनभूमीच्या भिंतीलगत

डब्लिनच्या उत्तर भागात, ग्लासनेव्हिन येथील दफनभूमीच्या जुन्या दरवाजालगत, तिच्याच भिंतीला खेटून एक मद्यगृह उभे आहे. दफनभूमी खुली झाल्यावर वर्षभरातच, १८३३ साली, ते सुरू झाले. दारावर कॅव्हना या मालक घराण्याचे नाव असले तरी सारे शहर ते ‘ग्रेव्हडिगर्स’ म्हणून, म्हणजे कबरी खोदणाऱ्यांचे म्हणून, ओळखते.

या शेजाराचे मूळ शोधू जाता आयर्लंडच्या दुःखद इतिहासात शिरावे लागते. कॅथॉलिक प्रजा बहुसंख्य असूनही, तिच्यावर लादलेल्या निर्बंधांमुळे, डब्लिनमध्ये तिला स्वतःची दफनभूमी नव्हती. आपले मृत प्रॉटेस्टंट चर्चच्या आवारात पुरावे लागत, आणि १८२३ साली सेंट केव्हिनच्या आवारात थडग्यापाशी प्रार्थना म्हणू पाहणाऱ्या धर्मगुरूस तेथील सेवकाने मज्जाव केला, तेव्हा शोकाच्या घटकेसही परवानगी मागावी लागते या अपमानाने लोक क्षुब्ध झाले. कॅथॉलिकांचे पुढारी डॅनिएल ओकॉनेल यांनी हा प्रश्न हाती घेतला, आणि १८३२ मध्ये सर्व पंथांच्या मृतांस मुक्तद्वार असलेली ही भूमी सिद्ध झाली. ओकॉनेल यांचा देह पुढे येथेच विसावला. १८९१ साली आयरिश राष्ट्रीय नेते पार्नेलही येथेच विसावले.

कबरी खोदणारे काम चालू असताना फावड्याने भिंत ठोकीत आणि पलीकडून त्यांना पेले पोचते होत, अशी दंतकथा आहे. ती खरी मानण्याचा मोह मला आवरत नाही. आत आजही गाण्यास मनाई आहे, दूरचित्रवाणीही नाही. स्टाउट या काळ्या बिअरचा पेला तिरपा धरून तीनचतुर्थांश भरायचा, फेस स्थिरावेपर्यंत फळीवर ठेवायचा आणि मग तो काठोकाठ भरायचा, ही आयरिश मद्यगृहांची रीत. त्या दोनतीन मिनिटांत गिऱ्हाईक आणि मालक यांचे बोलणे होते, आणि माझ्या मते या गृहांचा खरा व्यवहार त्या बोलण्याचाच आहे.

खेड्यांत तर हा व्यवहार अधिकच विस्तीर्ण असे. एकाच छपराखाली पुढे चहा, साखर आणि पीठ यांचा वाणसौदा, मागे मद्याची फळी. डिंगल गावी अशाच एका गृहात एका बाजूस चामड्याचे काम चाले. पीक हाती येईतो उधारी लिहून ठेवणारा मालक गावाच्या नाडीशी जितका परिचित असे तितका कोणताही सरकारी अंमलदार नसे.

मृत्यूशी मद्यगृहाचे नाते तर कायद्यानेच जोडले. १८४६ साली, दुष्काळाने देश उजाड होत असताना, असा कायदा झाला की आकस्मिक मृत्यू घडल्यास पंचनामा होईपर्यंत प्रेत नजीकच्या मद्यगृहात ठेवण्याचा हुकूम कॉरोनरने, म्हणजे अशा मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, द्यावा आणि परवानेदाराने तो मानावा. बिअरची तळघरे थंड असत, हे एक कारण. दुसरे असे की, पंच, साक्षीदार आणि आप्तजन एकत्र जमू शकतील अशी दुसरी जागा बहुतेक गावांत नव्हती. ज्याच्या घरी प्रेत येई त्याने पेटीची आणि गाडीचीही तजवीज करावी, हे ओघानेच आले, आणि अनेक मालक अंत्यविधीचे कंत्राटदारही झाले. ती सक्ती १९६२ च्या कायद्याने संपली, वाणसामानही दुकानांकडे गेले. परंतु मद्यविक्री आणि अंत्यविधी हे दोन्ही व्यवसाय सांभाळणारी घराणी आयर्लंडच्या ग्रामीण मुलुखात त्यानंतरही टिकून राहिली.