मुंडारीतील शब्दजाती

३. ‘शब्दांच्या आठ जाती’ : या आठ जाती सर्वच भाषांत आढळतात असे लेखकाने गृहीत धरले आहे, ते जपूनच घ्यावे. मराठी व्याकरणात ही आठांची मांडणी दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या काळापासून (पहिली आवृत्ती १८३६) इंग्रजी वळणाने रुजली. यास्काचे निरुक्त तर नाम, आख्यात, उपसर्ग, निपात या चारांवरच भागवते. नायजेरियातील इग्बो भाषेत खरी विशेषणे जेमतेम आठ : मोठा-लहान, नवा-जुना, काळा-पांढरा, चांगला-वाईट. बाकीचे गुण नामे आणि क्रियापदे सांगतात.

अधिक वादग्रस्त उदाहरण झारखंडच्या मुंडारीचे आहे. (मेळघाटातली कोरकू याच कुळातली.) मुंडारीत ‘बुरू’ म्हणजे डोंगर; त्यालाच क्रियापदाचे प्रत्यय लागले की ‘ढीग रचणे’. अशा उदाहरणांवरून जर्मन मिशनरी जॉन हॉफमन यांनी १९०३ च्या व्याकरणात मुंडारीला काटेकोर शब्दजाती नाहीत असे मत मांडले, आणि ते पुढे बरीच वर्षे उद्धृत होत राहिले. २००५ मध्ये निकोलस एव्हान्स आणि तोशिकी ओसादा यांनी ते खोडून काढले : मुंडारीतले पुष्कळ शब्द एकाच जातीत चालतात, शिवाय डोंगराचा ‘ढीग रचणे’ हा अर्थ कोणत्याही सर्वसाधारण नियमाने निघत नाही, तो शब्दागणिक वेगळा शिकावा लागतो. आमच्या मते हा दुसरा मुद्दा निर्णायक आहे. काही अभ्यासकांना मात्र तो तेव्हाही पटला नव्हता. — संपा.