हिस्टोन डीॲसिटिलेज आणि सिकलसेल

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील गोंड, माडिया, परधान आदी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. यात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील एकच अमिनो आम्ल बदललेले असते. परिणामी तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना होतात. मात्र, असे बाळ पहिले काही महिने सुखरूप असते. कारण, त्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन शिल्लक असते व त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. जन्मानंतर गॅमा साखळीची जनुके निद्रिस्त होतात. त्यांना निद्रिस्त करणाऱ्या यंत्रणेत ‘हिस्टोन डीॲसिटिलेज’ या विकरांचा मोठा वाटा असतो.

पेशीतील सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनमधील लायसिनवर धन, तर डीएनएवर ऋण विद्युतभार असतो. लायसिनला ॲसिटिल गट जोडला गेला, की धनभार नाहीसा होऊन पकड सैल होते व जनुक कार्यान्वित होऊ शकते. डीॲसिटिलेज हा गट काढून टाकते आणि पकड पुन्हा घट्ट होते.

मानवात अशी १८ विकरे आहेत. त्यांपैकी ११ विकरांना जस्ताची, तर ‘सर्टुइन’ नावाच्या उर्वरित सात विकरांना एनएडी या सहविकराची गरज असते. जस्तावलंबी विकरात एक अरुंद, नळीसारखी खोबण असून तिच्या तळाशी जस्ताचा आयन असतो. लायसिनची साखळी तीत शिरते व पाण्याच्या रेणूच्या साहाय्याने ॲसिटिल गट तोडला जातो.

गॅमा जनुकांपाशी ‘बीसीएल११ए’ हे प्रथिन या विकरांना सोबत आणते. ब्युटिरेटसारखी द्रव्ये विकरांना रोखतात. १९९३ मध्ये अमेरिकेत काही रुग्णांना ब्युटिरेट दिल्यावर गॅमा जनुके पुन्हा जागी झाल्याचे दिसले. परंतु हीच विकरे इतर असंख्य जनुकांवरही नियंत्रण ठेवत असल्याने त्यांना रोखण्याचे दुष्परिणाम होतात. त्यामुळे आजही उपचारांत भर आहे तो गर्भीय हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या हायड्रॉक्सियुरियावर.

केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच विवाहापूर्वीची रक्ततपासणी महत्त्वाची ठरते.