तर्काला टाळांची साथ

१८४९ साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिभेद मोडायचा म्हणून बंद दाराआड ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात. १८६० च्या सुमारास सभेचे दप्तर चोरीला गेले आणि नावे फुटण्याच्या धास्तीने सभाच विरली. त्यांतल्याच काहींनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज काढला, तोवर निव्वळ रूढी मोडून मन भरत नाही, उपासनाही हवी, हे त्यांना कळून चुकले असावे. पण मूर्ती नाही, अवतार नाही, कोणताही ग्रंथ अपौरुषेय नाही. मग गायचे काय? न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर वळले ते तुकोबांच्या अभंगांकडे. समाजात प्राण आला तो इथे, सुधारणेच्या ठरावांत नव्हे.

हे सगळे उसने, कलकत्त्याच्या केशवचंद्र सेनांच्या ब्राह्मधर्माची नक्कल, असा आक्षेप जुना आहे. उसनवारी होतीच, पण अभंग काही कलकत्त्याहून आले नव्हते. खरी अडचण निराळी: विठोबा वगळून तुकोबा घेतले, तर वारकऱ्याच्या पदरात काय पडले? फारसे नाही. समाज शिकलेल्यांपुरताच राहिला, हे मान्य करावेच लागते. तरी ऑक्सफर्डला युनिटेरियनांकडे धर्मशास्त्र शिकून १९०३ मध्ये परतलेल्या विठ्ठल रामजी शिंदे यांनी ही उपासना अस्पृश्य वस्त्यांपर्यंत नेली आणि १९०६ मध्ये तिथल्या मुलांसाठी शाळा उघडली. १९१० मध्ये मतभेदांमुळे शिंद्यांनी समाजाचे प्रचारकपद सोडले. अस्पृश्य वस्त्यांतले काम मात्र चालूच ठेवले.