सावलीला चिकटलेलं आडनाव

मावळत्या सूर्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढला, की चेहरा हरवतो आणि काळी आकृती तेवढी उमटते. तिला इंग्रजीत सिल्हूट म्हणतात. कपड्याच्या एकूण घाटालाही फॅशनवाले हाच शब्द वापरतात. मराठीत तिला 'छायाचित्र' हे नाव किती शोभलं असतं! पण ते आपण फोटोला देऊन बसलो.

हा शब्द मुळात एका माणसाचं आडनाव आहे. एतिएन द सिलुएत १७५९च्या मार्चमध्ये फ्रान्सचा अर्थमंत्री झाला. युद्ध चालू होतं, तिजोरीत खडखडाट होता. कराचा बोजा गरिबांनी वाहायचा आणि उमरावांनी सवलती भोगायच्या, हा तिथला रिवाज. यानं नोकरचाकर, घोडागाड्या अशा श्रीमंतीच्या खुणांवरच कर लावायला घेतला. उमराव खवळले. नोव्हेंबरात स्वारी घरी बसली.

पॅरिसनं सूड उगवला तो भाषेतून. जे जे स्वस्त आणि अपुरं, ते 'सिलुएत पद्धतीचं' ठरलं. बिनखिशाच्या विजारीलाही तेच नाव. खिशात ठेवायला काही उरलंय कुठे, हा त्यातला टोमणा! मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर पडलेल्या सावलीच्या कडेनं रेघ ओढायची आणि आत काळं भरायचं, ही चित्रं रंगीत तसबिरीपेक्षा कितीतरी स्वस्त. नाव त्यांनाही चिकटलं, आणि तिथेच टिकलं. गरिबांची बाजू थोडीफार घेणाऱ्या मंत्र्याचं नाव कंजूषपणाची खूण व्हावं, हे मला आजही खटकतं.

इंग्लंडमध्ये या चित्रांना आधी 'शेड' म्हणत. ऑगस्ट एदुआर या कात्रीबहाद्दर फ्रेंच कलावंतानं १८२५ नंतर तिथे 'सिल्हूट' रूढ केलं.

तोवर ही कला अमेरिकेत पोहोचली होती. फिलाडेल्फियात चार्ल्स विल्सन पील यांच्या संग्रहालयात मोझेस विल्यम्स हा कृष्णवर्णीय कारागीर बसे. तो पील यांच्याच घरी गुलाम म्हणून वाढलेला. यंत्र चेहऱ्याची कड कागदावर उमटवी आणि तो ती कातरून देई. अशी हजारो चित्रं त्यानं कातरली आणि मुक्त झाल्यावर त्याच कमाईतून स्वतःचं घर घेतलं.

पण मला विसरता येत नाही ती फ्लोरा. १७९६ साली कनेक्टिकटमध्ये एकोणीस वर्षांची ही गुलाम मुलगी विकली गेली. तिच्या विक्रीखताबरोबर तिची छायाकृती जपून राहिली आहे. नाक, ओठ, हनुवटी, वर बांधलेले केस, सगळं एका कडेत. डोळे अर्थातच नाहीत. मी तो कागद छापलेला पाहिला तेव्हा आधी ती कडच पाहत राहिलो. किंमत नंतर वाचली : २५ पौंड.