सेकंदाचा शंभरावा भाग

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, रंगीत चित्र १९८२ साली आलं. तेव्हा आळीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा. खेळ लागले की पुरुष नि मुलं पुढे बसायची, बायका स्वयंपाकघराच्या दारातून डोकवायच्या.

१९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. त्याची हळहळ आजही वाटते. पण ती ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत पुरुषांसाठी १९०० पासून होती. बायकांसाठी ती त्याच वर्षी पहिल्यांदा ठेवली. मग त्याआधी घरोघरी टीव्ही असते, तरी आपल्याला काय दिसलं असतं?

३००० मीटर स्टीपलचेस तर बायकांना २००८ साली मिळाली. अठ्ठावीस अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या! १५ ऑगस्ट २०१६ रोजी माण तालुक्यातली ललिता बाबर रिओमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी धावली. उषानंतर बत्तीस वर्षांनी वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी पार करून ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत एक भारतीय बाई पोचली होती. ती दहावी आली.

आपल्याकडे तेव्हा भाकरीची वेळ होती. मी तवा तसाच सोडून पुढे येऊन बसले. भाकरी करपली, पण कुणी चकार शब्द काढला नाही.

२०२८ चं ऑलिंपिक पुन्हा लॉस एंजेलिसलाच आहे. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, डब्यांची घाई. त्या दिवशी डबे दुसऱ्या कुणीतरी भरावेत. आपण लेकींना घेऊन पुढे बसू.