उंचीचा सारा

मोठ्या चारचाकी वाहनाच्या कमानी बदलून त्याचा सांगाडा मूळ उंचीपेक्षा दोन, चार किंवा सहा इंच वर नेण्याचा जो प्रघात दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथम अमेरिकेत आणि पुढे ऑस्ट्रेलियात रूढ झाला, आणि ज्याला आपल्याकडील गॅरेजांतही आता ‘लिफ्ट’ याच नावाने ओळखतात, तो केवळ हौशी तरुणांच्या मिजाशीतून निघाला असे समजणे म्हणजे त्याच्या कुळाविषयी अन्याय करणे होय. हे कुळ गरजेचे आहे. मिजास त्यात फार उशिरा शिरली. परंतु गरजेने घेतलेली असो वा मिजाशीने, उंची ही काही इनामी जमीन नव्हे. तिच्यावर सारा बसतोच, आणि तो कोणत्या पिढीला कोणत्या रूपाने भरावा लागला हाच या कुळकथेचा खरा विषय आहे.

मूळपुरुष शोधावयाचा तर घोडागाडीपर्यंत मागे जावे लागते. लंडनमधील गाड्या बांधणारा ओबाडाया एलियट याने 1804 च्या सुमारास पोलादी पाट्यांचे दोन वाकवलेले संच समोरासमोर जोडून लंबवर्तुळाकार कमान सिद्ध केली, आणि तिच्यामुळे दोन धुऱ्यांना सांधणारा गाडीखालचा जड वासा अनावश्यक ठरला. तिचे प्रयोजन प्रवाशांची हाडे सुरक्षित ठेवणे एवढेच होते. उंचीचा प्रश्न आला तो मोटार आल्यावर. 1908 साली बाजारात आलेली फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ अमेरिकेच्या खेड्यांतील चिखलाचे रस्ते गृहीत धरूनच आखलेली होती. प्रत्येक धुऱ्यावर आडवी बसवलेली एकेक कमान आणि जमिनीपासून बरेच वर असलेले पोट ही तिची जन्मजात लक्षणे होती. जन्मजात हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण तिची उंची, चाके, स्टेअरिंग आणि धुरा ही सर्व एकाच आराखड्यातून निघालेली असल्यामुळे तिच्या उंचीचा सारा कारखान्यातच चुकता झालेला होता. पुढे रस्ते पक्के झाले, मोटारी उत्तरोत्तर ठेंगण्या होत गेल्या, आणि ज्यांचा मार्ग पक्क्या रस्त्याने जात नव्हता त्यांना गमावलेली उंची स्वतः मिळवणे भाग पडले.

या लोकांच्या हाती युद्धाने जीप दिली. 1941 पासून विलिस कंपनीने सैन्यासाठी बांधलेली आणि पुढे मुंबईत माझगावला महिंद्रांनी जुळवलेली ही गाडी चारही चाकांनी ओढणारी असली, तरी तिचे पाटे धुऱ्याच्या खालून गेलेले होते, म्हणून तिचा सांगाडा फारसा उंच नव्हता. 1953 साली कॅलिफोर्नियातील जॉर्जटाऊन गावाहून रुबिकॉनच्या खडकाळ वाटेने जीपगाड्यांचा पहिला मेळा निघाला, आणि अशा वाटांवर मोठाली चाके लावण्यासाठी जागा कशी करावी याच्या युक्त्या हळूहळू परंपरेने पुढे जाऊ लागल्या.

त्यांतील सर्वांत स्वस्त युक्ती शॅकल लांब करण्याची. पाट्याचे एक टोक चौकटीला ज्या झुलत्या दुव्याने अडकवलेले असते तो दुवा दोन इंच वाढवला की गाडी एक इंच उचलली जाते, कारण पाट्याचे दुसरे टोक जागीच राहते. परंतु जीपच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढील टोकाला असल्यामुळे या एका इंचाबरोबर धुरा किंचित पुढे कलतो, आणि ज्या मागच्या कलामुळे वळणानंतर चाके आपोआप सरळ होतात, ज्याला कारागीर कॅस्टर म्हणतात, तो कल कमी होऊन स्टेअरिंग भरकटू लागते. दुसरी युक्ती अधिक धाडसाची: पाटे धुऱ्याखालून काढून धुऱ्यावर बसवावेत, म्हणजे धुऱ्याच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या थराची जाडी मिळून एकदम पाचेक इंच हाती लागतात. मात्र त्याबरोबर इंजिनाची गती धुऱ्यापर्यंत नेणारा दांडा तिरपा होतो, त्याच्या टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, लवकर झिजतात, आणि जोरात ब्रेक दाबला असता धुरा पाट्यांना पीळ देऊ लागतो. असा हा सारा पहिल्यांदाच मालकाच्या नावावर चढला.

मिजास आली ती यानंतर. सेंट लुईसजवळ चारचाकी ओढीच्या गाड्यांचे दुकान चालवणारा बॉब चँडलर याने आपला 1974 सालचा फोर्ड ट्रक मोडतोड आणि दुरुस्ती यांच्या चक्रातून वाढवत वाढवत ‘बिगफूट’ या नावाने प्रसिद्ध केला, आणि 1981 साली तो जुन्या मोटारी चिरडताना पाहिल्यावर उंची हाच एक तमाशा झाला.

दरम्यान मोठ्या गाड्यांच्या कमानींचे रूपही पालटत होते. 1970 च्या रेंज रोव्हरने आणि पुढे टोयोटाच्या 80 मालिकेच्या लँड क्रूझरने पाट्यांच्या जागी गुंडाळी स्प्रिंग आणल्या. पाटा एकाच वेळी भार तोलतो आणि धुऱ्याला जागेवर धरतो. स्प्रिंग मात्र केवळ भार तोलते, म्हणून धुऱ्याला धरण्यासाठी निराळे हात आणि आडवा पॅनहार्ड दांडा द्यावा लागतो. हा दांडा एका टोकाने चौकटीला व दुसऱ्या टोकाने धुऱ्याला बांधलेला असल्यामुळे गाडी उचलताच तो धुऱ्याला एका बाजूस ओढतो. त्यावरचे उपाय हळूहळू शास्त्राच्या दर्जाला पोहोचले: कॅस्टर पूर्ववत करणारे विषमछिद्री बुश, लांबी कमीजास्त करता येणारा पॅनहार्ड दांडा, लांब ब्रेकनळ्या. सर्वांत सूक्ष्म गोष्ट मागच्या ब्रेकच्या झडपेची. चौकट आणि मागचा धुरा यांतील अंतरावरून ती झडप गाडीत किती ओझे आहे ते ताडते. गाडी उचलली की अंतर वाढते, झडप गाडी रिकामी समजते, आणि भरल्या गाडीच्या मागच्या ब्रेकला जोर कमी मिळतो, म्हणून तिची पट्टीही तितकीच सरकवावी लागते.

उचललेल्या गाडीबरोबर संसार करणाऱ्याची दिनचर्या या इतिहासातूनच ठरलेली आहे. नवे पाटे बसवल्यावर सुमारे आठशे किलोमीटरनंतर त्यांना धुऱ्याशी जखडणारे यू-बोल्ट पुन्हा ठरल्या ताणाने आवळावयाचे. काढलेले जुने यू-बोल्ट, ते एकदा ताणले गेल्यामुळे, पुन्हा वापरावयाचे नाहीत. पाटे थोडे बसले की अलाइनमेंट तपासावयाची. क्रॉसना ग्रीस वेळेवर भरावयाचे. विशिष्ट वेगाला स्टेअरिंग थडथड हलू लागले तर स्टेअरिंगचा नवा डँपर लावून ते लक्षण झाकण्याऐवजी पॅनहार्ड दांड्याचे बुश आणि बॉलजॉइंट हलवून पाहावयाचे, कारण व्याधी बहुधा तेथेच दडलेली असते. चाकांचा परिघ दहा टक्क्यांनी वाढवला असेल तर काटा शंभर दाखवत असताना गाडी एकशेदहाने धावत असते, आणि किलोमीटरही कमी नोंदले जात असल्यामुळे तेल बदलण्याची तारीख गुपचूप उलटून जाते.

सर्वांत जड सारा मात्र मालकाचा नव्हेच. फोर्डने 2000 सालच्या मॉडेलापासून विकलेली ‘एक्स्कर्शन’ ही तीन टनांहून जड गाडी कारखान्यातूनच इतकी उंच निघत होती की समोरची लहान मोटार धडकेत तिच्या खाली सरकू नये म्हणून कंपनीने तिच्या बंपरखाली पोलादाची आडवी तुळई बसवली. अशा गाडीला आणखी चार इंच उचलणारा ती तुळईही चार इंच वर नेतो, आणि दिव्यांचा झोत खाली न वळवल्यास तो समोरच्याच्या डोळ्यांवर टाकतो. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमान्वये निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिला, तो हौशी मंडळींना जाचक वाटला. तथापि त्यामागचा प्रश्न रास्त आहे. कॅस्टर, ब्रेक, क्रॉस यांचे देणे मालक स्वखुशीने फेडू शकतो. समोरून येणाऱ्याच्या वाट्याला जे देणे जाते, त्याला त्याची संमती कोणीच विचारलेली नसते. म्हणूनच जाणते कारागीर दोन इंचांपाशी थांबण्याचा सल्ला देतात, जेथे बहुतेक मूळ कोन सहज सुधारता येतात आणि दुसऱ्यावर पडणारा भार लहान राहतो. त्यापुढचा प्रत्येक इंच मागणाऱ्याने आधी तो भार कोण उचलणार याचे उत्तर द्यावे.