मुलांच्या छातींतील शीळ

लहान मुलाला सर्दी होते, रात्रीं ताप भरतो आणि पहांटेस त्याच्या छातींतून बारीक शीळ ऐकूं येऊं लागते. उशाशीं बसलेल्या आईच्या मनांत एकच प्रश्न उभा राहतो : हा दमा तर नव्हे ना? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१८६० सालीं लंडनचे डॉक्टर हेन्री हाइड साल्टर यांनीं दम्यावर ग्रंथ लिहिला. ते स्वतः दमेकरी होते. त्यांच्या मतें हा विकार ज्ञानतंतूंचा. श्वासनलिकांचे स्नायु आवळतात म्हणून श्वास कोंडतो. कडक कॉफीवर त्यांचा मोठा भरंवसा होता. पुढें १८९२ मध्यें विल्यम ऑस्लर यांनीं आपल्या पाठ्यग्रंथांत बारीक श्वासनलिकांच्या दाहाकडे बोट दाखविलें. नळीचें अस्तर सुजतें, चिकट कफ सांचतो आणि वाट अरुंद होते. मात्र ज्ञानतंतूंची कल्पना त्यांनींहि सोडली नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास ती इतकी बळावली कीं, अमेरिकेंत डेन्व्हर येथें दमेकरी मुलांना आईबापांपासून महिनेन् महिने दूर ठेवीत. घरांतील ताण हेंच कारण मानल्यावर दोषाचें खापर आईच्या माथीं फुटावें, यांत नवल नाहीं.

१९७२ सालीं श्वासावाटे घ्यावयाचें स्टेरॉइड इंग्लंडमध्यें गुणकारी ठरलें, आणि दाहाची बाजू सावरली गेली. पण आतां उलट घाई होऊं लागली : शीळ वाजली कीं दमा, आणि दमा म्हटला कीं एकच दाह!

या समजुतीला धक्का दिला तो मुलांनींच. अमेरिकेंतील टूसॉन शहरीं १९८० पासून जन्मलेल्या १२४६ बालकांवर डॉक्टरांनीं लक्ष ठेविलें. १९९५ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षाच्या आंत ज्यांची छाती वाजली होती, त्यांपैकीं निम्म्याहून अधिक मुलांची सहाव्या वर्षीं वाजत नव्हती. १९९७ मध्यें बेलफास्टच्या संशोधकांनीं, दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठीं भूल दिलेल्या मुलांच्या श्वासनलिका मिठाच्या पाण्यानें धुऊन तें पाणी तपासलें. वावड्याचा दमा असलेल्यांत इओसिनोफिल पेशी वाढलेल्या आढळल्या. केवळ विषाणूंच्या सर्दीनें ज्यांची छाती वाजे, त्यांच्यांत त्या वाढलेल्या नव्हत्या. बाहेर ध्वनि एक, आंत प्रकार दोन!

यामुळें उपचारहि तपासून घ्यावे लागले. २००९ सालीं इंग्लंडांतील परीक्षेंत विषाणुजन्य शिळेच्या बालकांना तोंडावाटे स्टेरॉइड देऊन इस्पितळांतील मुक्काम कमी झाला नाहीं. २०१८ सालीं ऑस्ट्रेलियांत पर्थ येथें तो कांहींसा कमी झाला. वाद मिटलेला नाहीं. म्हणूनच जाणता डॉक्टर शीळ ऐकून थांबत नाहीं. सर्दी नसतांनाहि ती वाजते काय, अंगावर इसब आहे काय, घरांत कोणास दमा आहे काय, हें तो आईलाच विचारतो. जिला एके काळीं दोषी ठरविलें, तिचीच साक्ष आज मोलाची ठरते.